वीतभर नळी आणि लॉरीचा आवाज

हुमनाबादला दोन राष्ट्रीय महामार्गांची गाठ पडते. एक पुण्याहून सोलापूर, उमरगा करत हैदराबादला जाणारा ६५ क्रमांकाचा, दुसरा नांदेडहून उदगीर, बिदर करत कलबुर्गीकडे उतरणारा ५० क्रमांकाचा. या भागात मोटारसायकल चालवणाऱ्याला हे रस्ते पाठ असतात. पुढं वाडी-सेडमकडची सिमेंटची लॉरी, मागं तुरीच्या पोत्यांनी भरलेली दुसरी आणि गळीत हंगाम असेल तर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर. त्या ट्रॅक्टरवर गाणी अशी दणाणत असतात, की मागून कुणी हॉर्न वाजवतंय हे ड्रायव्हरला कळायचं कसं? मोटारसायकलचा मूळ हॉर्न बिचारा ‘पीं’ करतो आणि वाऱ्यात विरून जातो. मग भालकीत, बसवकल्याणात, आळंदला ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात पोरं विचारतात, ‘‘गाडीला प्रेशर हॉर्न बसतो का हो?’’

बसतो. बसवावा की नाही, ते पुढं बघू. आधी हे यंत्र आहे तरी काय ते बघा, कारण त्याच्या पोटात जे चालतं ते अक्षरशः थक्क करणारं आहे.

खोका उघडला की काय निघतं? मुठीत मावेल एवढी एक मोटर, म्हणजे छोटा कंप्रेसर. लाल प्लास्टिकचे दोन कर्णे, एक लांब, एक आखूड. थोडी रबरी नळी, एक काळा चौकोनी रिले आणि चार नट-बोल्ट. दहा चाकी लॉरीच्या ड्रायव्हरला दचकवणारा आवाज यातून निघणार आहे. यात स्पीकर नाही, ॲम्प्लिफायर नाही. मग तो आवाज येतो कुठून?

हे समजायला गाडीचा मूळ हॉर्न आधी बघावा लागेल. तोही कमी नवलाचा नाही. त्या चपट्या डब्यात एक पातळ पोलादी चकती असते आणि तिच्यामागं तारेच्या वेटोळ्याचा विद्युतचुंबक. बटण दाबलं की चुंबक चकतीला ओढतो. पण चकती ओढली जाताना तिच्याच मागची दांडी आतला पॉइंट उघडते आणि करंट तुटतो. करंट तुटला की चुंबकाची ओढ संपली, चकती मागं उसळली, पॉइंट पुन्हा जुळला, करंट पुन्हा सुरू. स्वतःचाच करंट तोडणारं आणि स्वतःच जोडणारं हे यंत्र एका सेकंदात काही शे वेळा हा खेळ करतं. पावसाळ्यात आवाज बसला, की मेकॅनिक डब्याच्या मागचा एक स्क्रू जरासा फिरवतो आणि हॉर्न खणखणीत होतो ना? त्या स्क्रूनं पॉइंट किती लवकर उघडायचा एवढंच बदललेलं असतं.

हवेच्या, म्हणजे प्रेशर हॉर्नात हा चुंबकही नाही. चकती आहे, पण तिला ओढायला कुणी नाही. तरीही ती सेकंदाला चारशेच्या आसपास वेळा उघडते आणि मिटते. हे तिला शिकवलं कुणी?

कर्ण्याच्या बुडाशी एक छोटी गोल खोली असते. कर्ण्याचं मागचं तोंड त्या खोलीच्या मधोमध येऊन थांबतं आणि चकती त्या तोंडावर घट्ट टेकलेली असते. कंप्रेसरची हवा खोलीत येते ती चकतीच्या कडेकडेनं. जायला वाट नाही, म्हणून दाब वाढतो. वाढत वाढत तो चकतीला किंचित उचलतो. फट पडली, की हवा सुळकन कर्ण्यात शिरते. हवा गेली, की दाब उतरतो आणि चकती स्वतःच्या ताणानं परत जागेवर बसते. वाट बंद, पुन्हा दाब. चुलीवर डाळ उकळताना पातेल्यावरचं झाकण वाफेनं थडथड उडतं ते तुम्ही पाहिलं आहे. तीच गोष्ट इथं घडते, फक्त झाकण कातडीसारखं पातळ आहे आणि त्याचा वेग डोळ्याला दिसण्यापलीकडचा आहे.

पण पातेल्यावरचं झाकण कसंही थडथडतं, त्याला सूर नसतो. हॉर्नला मात्र पक्का सूर असतो. तो कोण ठरवतो?

तो ठरवते पुढची नळी, आणि ती ज्या रीतीनं ठरवते ती पहिल्यांदा वाचताना खोटीच वाटते. चकती उघडली, हवेचा एक धक्का नळीत सुटला आणि आवाजाच्या वेगानं उघड्या तोंडापर्यंत गेला. आता तो सगळाच्या सगळा बाहेर निघून जायला हवा, नाही का? समोर भिंत नाही, मोकळं आकाश आहे. पण तसं होत नाही. नळीच्या बंदिस्त हवेतून अचानक मोकळ्या हवेत आल्यावर धक्क्याचा काही भाग बाहेर जातो आणि काही भाग तिथूनच माघारी फिरतो. उघड्या दारावर आपटून परततो म्हणा! आणि परतताना तो धक्का राहत नाही, ओढ होतो. ही ओढ चकतीपाशी पोचते आणि तिला तोंडावर घट्ट बसवते. तिथून ती पुन्हा उघड्या टोकाकडे जाते, तिथं पुन्हा उलटते आणि या खेपेला धक्का होऊन परत येते. तो धक्का चकतीला उचलायला हातभार लावतो. बरोबर त्याच क्षणी खोलीतला दाबही भरून आलेला असतो.

म्हणजे नळीची लांबी चार वेळा चालून झाली, की एक फेरा पुरा. नळी २१ सेंटिमीटरची असेल तर चार वेळा मिळून ८४ सेंटिमीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, तर हे अंतर तो किती वेळात कापेल? सेकंदाच्या चारशेव्या भागाच्या आसपास. म्हणून सेकंदाला सुमारे चारशे फेरे आणि तोच हॉर्नचा सूर. कर्णा पुढं रुंदावत गेला की हा हिशेब थोडा सरकतो, पण मूळ गोष्ट हीच. चकतीला ताल देणारा गुरू म्हणजे तिच्यासमोरची वीतभर हवा.

आपल्याकडे लग्नात, जत्रेत, पालखीपुढं तुतारी फुंकतात. तुतारीवाल्याचे ओठ म्हणजे हीच चकती. त्याच्या छातीत कंप्रेसर आहे, गालांत ती छोटी गोल खोली आहे आणि पुढची वळलेली पितळी नळी त्याच्या ओठांना ताल देते. गावोगावच्या तुतारीवाल्यांना जे हाताला, ओठाला ठाऊक होतं, तेच त्या लाल प्लास्टिकमध्ये बसवलेलं आहे.

आता कर्ण्याचं तोंड रुंदावत का जातं, ते पाहा. देखणं दिसावं म्हणून नव्हे. कर्णा काढून नुसता चकतीचा डबा वाजवला, तर चिडक्या माशीसारखी गुणगुण ऐकू येईल. चकती तेवढीच, हवा तेवढीच, करंट तेवढाच, तरी आवाज मेला. कारण हवा फार पातळ. छोटीशी चकती तिला ढकलते, तेव्हा हवा दबण्याऐवजी बाजूला सटकते आणि चकतीचे कष्ट वाया जातात. नळीत मात्र तिला सटकायला जागा नाही, दबावंच लागतं. पुढं ही दबलेली हवा एकदम मोकळी सोडली, तर धक्क्याचा मोठा हिस्सा माघारी फिरेल. म्हणून तिला हळूहळू रुंद होणाऱ्या वाटेनं न्यायचं. प्रत्येक थर पुढच्या जरा मोठ्या थराला धक्का देतो आणि शेवटी चकतीएवढ्या जागेतली हालचाल तोंडाएवढ्या हवेच्या हाती सोपवली जाते. कर्णा स्वतः रतीभरही ताकद घालत नाही. ताकद होतीच, ती वाया जात होती, कर्ण्यानं ती वाचवली. आर्थर गॉर्डन वेबस्टर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९१९ मध्ये याचं गणित मांडलं आणि कर्ण्यांचा विचार करणारे आजही त्याच्या समीकरणापासून सुरुवात करतात.

यातून आपल्या भागासाठी एक गमतीची गोष्ट निघते. सूर नळीतल्या हवेवर ठरतो आणि हवेतला आवाजाचा वेग तापमानावर. मे महिन्यात कलबुर्गीत पारा ४२ अंशांवर गेला, की आवाज सेकंदाला सुमारे ३५६ मीटर धावतो. थंडीत बिदरच्या पठारावर पहाटे पारा १० अंशांच्या आसपास आला, की तोच आवाज ३३७ मीटर जातो. म्हणजे तोच हॉर्न, तीच नळी, पण उन्हाळ्याच्या दुपारी तो हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढा वाजणार. हार्मोनियमची एक पट्टी फक्त उन्हानं वर सरकली! कान तयार असलेल्या माणसानं हे जरूर ताडून बघावं.

धावत्या गाडीचा हॉर्न आणखी एक करामत करतो. ताशी ६० किलोमीटरनं गाडी तुमच्याकडे येताना ४०० चा सूर ४२० होऊन ऐकू येतो आणि गाडी पुढं गेली की ३८२ वर घसरतो. दोहोंतलं अंतर जवळजवळ सा आणि रे यांच्याएवढं. ख्रिस्तियान डॉप्लरनं हे १८४२ मध्ये कागदावर सांगितलं. ते खरं की खोटं हे बघायला १८४५ मध्ये हॉलंडात बाइस बॅलट या शास्त्रज्ञानं चक्क आगगाडीवर तुतारीवाले बसवले आणि रुळाच्या कडेला सुरांचे जाणकार उभे केले. जाणकारांना सूर चढलेला आणि उतरलेला स्पष्ट कळला. बिदरकरांना तर हे रोजचंच आहे. हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाचं घर बिदरला आहे आणि विमान डोक्यावरून जाताना त्याच्या आवाजाची जी घसरण होते, ती याच कारणानं.

कर्णे दोन का? सूर दोन हवेत म्हणून. वाहनांच्या हॉर्नच्या पुष्कळ जोड्यांत एक सूर ४०० च्या आणि दुसरा ५०० च्या आसपास असतो. चारास पाच हे प्रमाण, म्हणजे षड्ज आणि शुद्ध गांधार. बाजारातल्या गोंगाटात तीन-चार फेरीवाल्यांचे आवाज एकमेकांत बुडतात, पण सा-ग ची जोडी वर तरंगते. नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये नाशिकला बोलताना हॉर्नला बासरी, तबला, हार्मोनियम अशा भारतीय वाद्यांचे आवाज असावेत, अशी कल्पना मांडली होती. सुराची जोडी तर हॉर्नात आधीपासूनच आहे.

दोन कर्ण्यांनी आवाज दुप्पट होतो, असं मात्र समजू नका. ऊर्जा दुप्पट होते, पण डेसिबल फक्त ३ नं वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला ऊर्जा जवळजवळ दहापट करावी लागते. आपला कान मोठ्या आवाजांना असा दाबून मोजतो, म्हणूनच पानांची सळसळ आणि ढगांचा गडगडाट एकाच यंत्रावर ऐकू शकतो.

आता हा हॉर्न गाडीवर बसवणं. इथं सगळ्यात जास्त चुका होतात आणि इथंच माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

मूळ हॉर्नला दोन-चार अँपिअर पुरतात. हा कंप्रेसर १५ अँपिअरच्या आसपास मागतो. हँडलवरचं बटण आणि त्याच्या बारीक वायरी त्या दोन-चार अँपिअरच्या हिशेबानं बनवलेल्या असतात. मूळ वायर काढून थेट कंप्रेसरला जोडली, तर तो वाजेलही, पण थोड्या दिवसांत बटणातले पॉइंट जळतील आणि वायरीचं प्लास्टिक वितळेल. मग १५ अँपिअरचा लोंढा अंगठ्याखालच्या नाजूक बटणानं सोडायचा कसा?

रिलेनं. त्या काळ्या ठोकळ्याला बुडाशी पितळी पाय असतात आणि त्यांवर आकडे कोरलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७. मूळ हॉर्नच्या दोन वायरी ८५ आणि ८६ ला. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड वायर, मध्ये फ्यूज, ती ३० ला. ८७ वरून कंप्रेसरला आणि कंप्रेसरची दुसरी वायर अर्थला. बटण दाबलं, की जेमतेम पाव अँपिअरही नसलेला करंट रिलेतल्या छोट्या वेटोळ्यात जातो, त्याचा चुंबक होतो, तो एक पोलादी पट्टी ओढतो आणि ‘टक्’ करून जाड वाट उघडी होते. बारीक करंटानं जाड करंटाचा दरवाजा उघडायचा. अमेरिकेत जोसेफ हेन्रीनं १८३५ च्या सुमारास ही युक्ती लढवली आणि ती तारायंत्राच्या कामी आली. मैलोगणती तारेतून दमून आलेला संदेश अशाच चुंबकानं पुढच्या ताज्या बॅटरीचा दरवाजा उघडायचा आणि नव्या दमानं पुढं जायचा. पायांवरचे ते आकडे जर्मन मानकातले. स्टुटगार्टच्या कारखान्यात ३० म्हणजे जे, तेच औरादच्या टपरीतल्या वायरमनच्या बोटांत. दोघांची भाषा वेगळी, पण ८७ ला काय जोडायचं याबद्दल दोघांत दुमत नाही.

कर्ण्यांची तोंडं पुढं आणि किंचित खाली, म्हणजे पावसाचं पाणी आत साचणार नाही. कंप्रेसरपासूनची रबरी नळी जितकी आखूड तितकी बरी. आणि बॅटरी? लहान गाडीची बॅटरी १२ व्होल्टची आणि ३ ते ५ अँपिअर-तासांची. तीन सेकंद हॉर्न वाजवला तर तिचा अर्धा टक्काही खर्च होत नाही, पण त्या तीन सेकंदांत तिच्यावर येणारा भार मोठा, म्हणून दिवा मंदावताना दिसतो.

अशी गाडी आणि लॉरी शेजारी उभ्या करून हॉर्न वाजवा, एक फरक लगेच कळेल. लॉरीचा हॉर्न बटणासरशी धाडकन येतो, मोटारसायकलचा ‘ऊंऽ’ करत चढतो. कारण लॉरीत ब्रेकसाठी हवेची टाकी असते आणि तिच्यात ७-८ बार दाबाची हवा तयार असते. नुसता नळ उघडायचा. मोटारसायकलला टाकी नाही. तिला ती हवा त्याच क्षणी बनवून त्याच क्षणी खर्चायची आहे. मोटर वेग घेईपर्यंतचा तो क्षणभराचा उशीर तुम्हाला ऐकू येतो.

खोक्यावर पुष्कळदा ‘१५० डेसिबल’ असं छापलेलं असतं. याचा हिशेब करून बघाच. १५० डेसिबल म्हणजे दर चौरस मीटरवर १००० वॅट आवाज. मे महिन्यात कलबुर्गीच्या रस्त्यावर भर दुपारी सूर्य जेवढी ऊर्जा ओततो, साधारण तेवढी, आणि तीही निव्वळ आवाजाची! हॉर्नपासून २ मीटरवर सगळीकडे एवढा आवाज हवा असेल, तर समोरच्या अर्धगोलात २५ किलोवॅट लागतील. स्प्लेंडरच्या इंजिनाची पूर्ण ताकद जेमतेम ६ किलोवॅट. म्हणजे चार स्प्लेंडर फक्त हॉर्नला जुंपाव्या लागतील. आणि आपला कंप्रेसर बॅटरीतून घेतो १८० वॅट. खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. खरी अचंब्याची गोष्ट त्याहून कितीतरी मोठी आहे: २ मीटरवर ११५ डेसिबल, म्हणजे छातीत धडकी भरवणारा आवाज, हा सगळा मिळून आठ वॅटच्या आतबाहेरचा असतो. एका छोट्या एलईडी बल्बएवढा.

एवढ्याशा ऊर्जेनं आपण दचकतो, म्हणजे दुसऱ्या टोकाला तिला टिपणारं काहीतरी अफाट असलं पाहिजे. ते तुमच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहे.

हवेचा हॉर्न मनातल्या मनात उलटा करा. आधी रुंद तोंड, मग अरुंद होत जाणारी नळी, नळीच्या शेवटी पातळ चकती. हा कान झाला. बाहेरची पाळी म्हणजे कर्णा, आत सुमारे अडीच सेंटिमीटरची नळी, तिच्या टोकाला कानाचा पडदा, जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. या नळीलाही स्वतःचा सूर आहे, ३००० च्या थोडा वर. म्हणून २००० ते ४००० च्या पट्ट्यात आपला कान सगळ्यात तिखट. हॉर्न बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे. हॉर्नच्या आंतरराष्ट्रीय मानकात १८०० ते ३५५० या पट्ट्यातल्या आवाजावर खास भर आहे. हॉर्नचा पायाभूत सूर चारशेचा असला, तरी त्याच्या वरच्या उपस्वरांनी बरोबर कानाच्या नळीवर नेम धरलेला असतो.

कान आणि भोंगा ही एकाच नाण्याची दोन अंगं आहेत, हे एका माणसाच्या आयुष्यातच दिसतं. मिलर रीस हचिसन हा अमेरिकी अभियंता. त्यानं १९०० च्या आसपास विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं आणि इंग्लंडच्या राणी अलेक्झांड्रानं ते वापरलं. त्याच माणसानं १९०८ च्या सुमारास क्लॅक्सन हा जगप्रसिद्ध हॉर्न आणला: विजेची मोटर दातेरी चाक फिरवते आणि चाकाचे दाते पोलादी चकतीला टोचत जातात. ज्याला पडदा कसा हलतो ते कळलं, त्याला ऐकवणंही जमलं आणि दणाणवणंही.

पडद्याच्या आत तर नवलच आहे. तीन इवलीशी हाडं पडद्याची हालचाल आतल्या द्रवापर्यंत पोचवतात. तो द्रव शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या, साधारण ३५ मिलिमीटरच्या नळीत असतो आणि तिथं सुमारे १५,००० केसपेशी बसलेल्या असतात. एवढ्याच. आयुष्यभरासाठी तेवढ्याच. मोठ्या आवाजानं एखादी मेली, की माणसात ती परत उगवत नाही. कोंबडीत उगवते! पक्ष्यांच्या कानात मेलेल्या केसपेशी पुन्हा तयार होतात, हे १९८० च्या दशकाच्या शेवटी सिद्ध झालं. माणसाच्या वाट्याला ते आलेलं नाही.

म्हणून आवाजाचा हिशेब पैशाच्या हिशेबासारखा ठेवावा लागतो. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेत शिफारस केलेला दंडक असा: ८५ डेसिबल दिवसाला आठ तास चालतील आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ११२ ला पूर्ण दिवसात मिळून मिनिटभरही नाही. गाडी चालवणारा स्वतः कर्ण्याच्या मागं असतो, त्याचं निभावतं. कर्ण्याच्या पुढं कोण असतं? सायकलवरचा विद्यार्थी, डोक्यावर भारा घेतलेली बाई, रस्त्याच्या कडेची टपरी. आणि टाकीवर बसवलेलं आपलंच लेकरू कर्ण्याच्या मागं असलं, तरी त्याचा कान हॉर्नपासून दोन हातांवर आहे.

आणखी एक गोष्ट. रस्त्यावर हॉर्नचं काम काय? ‘मी इथं आहे’ हे सांगणं. आणि ‘इथं’ म्हणजे कुठं, ते कळायला जोर लागत नाही, फरक लागतो. आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचतो. हा फरक सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा असला तरी मेंदूला कळतो! पण त्यासाठी आवाजात खालचे-वरचे बरेच सूर मिसळलेले हवेत. नुसत्या एका चिरक्या सुराची दिशा मेंदूला नीट लागत नाही. समोरचा दचकतो, डावीकडं बघतो आणि तुम्ही उजवीकडून येता. मोठा पण दिशाहीन आवाज हा माझ्या मते हॉर्न म्हणून नापास आहे.

कायदाही आवाजाचा जोर आणि जात या दोन्हींकडे बघतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम दोन गोष्टींना मनाई करतो: एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न, आणि अवाजवी कर्कश, चिरका, मोठा किंवा घाबरवणारा आवाज. हॉर्नची वरची मर्यादा ११२ डेसिबल. आवाजाचे मानक मोडणारी गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली पहिल्याच खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. कारण नसताना हॉर्न वाजवत राहिलं तर १,००० रुपये वेगळे. रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं आणि न्यायालयं यांच्याभोवती जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रात, म्हणजे किमान शंभर मीटरपर्यंत, सार्वजनिक आणीबाणीचा प्रसंग सोडून हॉर्नच नाही, आणि रात्री १० ते सकाळी ६ वस्तीतही नाही. मुंबई पोलिसांनी तर २०१९-२० मध्ये काही सिग्नलना आवाज मोजायचं यंत्र जोडून पाहिलं. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू!

तर बसवावा का? खोक्यातला दोन कर्ण्यांचा, कंप्रेसरवाला हॉर्न रस्त्यावरच्या मोटारसायकलला बसवू नये, असं माझं मत आहे. त्याऐवजी त्याच दुकानात विंडटोन हॉर्न मागा. तो १२ व्होल्टवरच चालतो, कंप्रेसर लागत नाही, आणि त्याचा आकार शंखासारखा असतो. का? वीतभर कर्णा गुंडाळून मुठीएवढ्या जागेत बसवलाय म्हणून. आवाज भारदस्त, सूर भरलेला, दिशा कळणारा. कोइमतूरच्या रूट्ससारख्या कंपन्या तो मानकाप्रमाणे बनवतात. जोडी बसवणार असाल तर रिले आणि फ्यूज लावल्याशिवाय दुकानातून उठू नका, ८५-८६ आणि ३०-८७ स्वतः डोळ्यांनी बघा. लॉरीला ओलांडताना एकदा, आखूड वाजवा आणि तिच्या आरशात तुमचा चेहरा दिसेल अशा जागी राहा. आणि टाकीवर लेकरू असेल त्या दिवशी अंगठा बटणापासून लांब ठेवा. त्याच्या एका कानात केसपेशी १५,०००च आहेत.